दोन सत्रांच्या मधला पडदा

कराडहून पहाटेच्या एसटीनं आलेली डिप्लोमाची एक मुलगी आमच्या परिषदेत चाळीस मिनिटं चुकीच्या हॉलमध्ये बसून होती. तिला ऐकायचं होतं ते डेटाबेसवरचं सत्र वर, दुसऱ्या मजल्यावरच्या सेमिनार हॉलमध्ये चाललं होतं. ती बसली होती खाली मुख्य सभागृहात, वही उघडून, पहिल्या पानावर तारीख घालून. सत्र संपल्यावर पाणी प्यायला बाहेर आली तेव्हा दाराशी माझी गाठ पडली आणि सगळा उलगडा झाला. मी म्हटलं, "अगं, उठून वर का नाही आलीस?" ती म्हणाली, "ताई, सुरू झाल्यावर मधूनच उठणं बरं दिसलं नसतं. आणि आधी पडद्यावर नुसती कंपन्यांची चित्रं फिरत होती, मला वाटलं इथेच असेल."

त्या दिवसापासून पुण्यातल्या आमच्या वार्षिक परिषदेत पडद्याचं काम मी मागून घेते. भाषणांच्या वेळचा पडदा वक्त्याचा असतो, त्याची काळजी वक्ता करतो. दोन सत्रांच्या मधल्या दहा मिनिटांत तो कोणाचाच नसतो. मग तिथे कोणाच्या तरी लॅपटॉपचा वॉलपेपर दिसतो, नाहीतर निळ्या रंगावर 'सिग्नल नाही'. त्याच दहा मिनिटांत हॉलमध्ये सगळ्यात जास्त गोंधळलेली माणसं असतात. जे नेहमी येतात ते एकमेकांना विचारतात. पहिल्यांदा आलेला, एकटा आलेला, इंग्रजीत विचारायला बिचकणारा माणूस पडद्याकडे बघतो. म्हणून मधला पडदा त्याच्यासाठी आखायचा. प्रत्येक ठिकाणी अडलं की मी हाच प्रश्न विचारते: कराडच्या त्या मुलीला हे कळेल का?

काय दाखवायचं, हे आधी कागदावर ठरवा. संगणक नंतर उघडा.

माझ्या पडद्याच्या वरच्या भागात एक पट्टी कायम असते. स्लाइड कोणतीही असो, ती हलत नाही. त्या पट्टीवर तीनच गोष्टी: हा कोणता हॉल, आता किती वाजले, पुढचं सत्र किती वाजता. 'मुख्य सभागृह, आता ११:१२, पुढे ११:२०'. नवीन माणूस दारातून आत आला, वर बघितलं आणि आपण बरोबर ठिकाणी आहोत की नाही हे एका नजरेत कळलं, एवढंच काम त्या पट्टीचं.

पट्टीच्या खाली चार स्लाइड पाळीनं फिरतात. पहिली पुढच्या सत्राची: विषय, वक्त्याचं नाव, सत्राची भाषा आणि 'नवशिक्यांसाठी' की 'अनुभवींसाठी'. ही वीस सेकंद थांबते. दुसरी दोन्ही हॉलच्या पुढच्या दोन-दोन सत्रांची, शेजारी शेजारी, म्हणजे ज्याला वर जायचं आहे तो आत्ताच उठेल. पंधरा सेकंद. तिसरी मदतीची: वायफायचं नाव आणि पासवर्ड, पाणी आणि स्वच्छतागृह कुठे, आणि 'लाल दोरीचं ओळखपत्र घातलेल्या कुणालाही विचारा'. दहा सेकंद. चौथी प्रायोजकांची, पंधरा सेकंद. सगळी मिळून साठ सेकंदांची फेरी होते. हा आकडा मी मुद्दाम पाळते. फेरी मिनिटाहून लांबली की बाटली भरून आलेल्या माणसाला हवी ती स्लाइड दिसेपर्यंत तो कंटाळून मोबाइल काढतो. सहावी-सातवी स्लाइड घाला म्हणून समितीतलं कोणीतरी सांगतंच. नाही म्हणा आणि त्यांना नोंदणीच्या टेबलाजवळचा फळा द्या.

घड्याळाबद्दल माझं मत पक्कं आहे: उलटी मोजणी लावू नका. '०४:३२ बाकी' असं दिसायला छान वाटतं, पण वक्ता रिक्षात अडकला की ते आकडे शून्यावर येऊन थिजतात आणि अख्खा हॉल ते बघत बसतो. आताची वेळ आणि सुरू व्हायची वेळ, एवढं पुरे. उशीर होणार असेल तर पट्टीवर '११:२० ऐवजी ११:३०' असं स्पष्ट लिहायचं. नुसतं ११:३० करून टाकलं तर छापील वेळापत्रक हातात घेऊन बसलेल्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. बदल हा बदल म्हणूनच दिसला पाहिजे, आणि दोन्ही हॉलमध्ये एकाच वेळी.

आता अक्षरांचा आकार. इथे बहुतेक जण फसतात, कारण स्लाइड दीड फुटावरून बनवली जाते आणि साठ फुटांवरून वाचली जाते.

एक सोपी कसोटी सांगते. आमच्या सभागृहाचा पडदा बारा फूट रुंद आहे आणि शेवटची रांग पडद्यापासून साठ फुटांवर. म्हणजे अंतर रुंदीच्या पाचपट. माझ्या चौदा इंची लॅपटॉपचा पडदा ३१ सेंटिमीटर रुंद आहे. त्याची पाचपट १५५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण पाच फूट. स्लाइड लॅपटॉपवर पूर्ण पडदाभर लावायची, टेबलापासून पाच फूट मागे जाऊन उभं राहायचं आणि वाचायचं. शेवटच्या रांगेतल्या माणसाला जे दिसणार आहे ते नेमकं हेच. मी हे घरी करते आणि आईला शेजारी उभं करते, चष्मा लावून. तिला डोळे बारीक करावे लागले की अक्षर वाढवते. तुमच्या हॉलची मापं वेगळी असतील, म्हणून आठवडाभर आधी जाऊन टेपनं मोजून या. सोबत कोणी नसेल तर पावलं मोजली तरी चालतं.

या कसोटीतून माझे आकडे आले आहेत: १९२० बाय १०८० च्या स्लाइडवर सत्राचा विषय ९६ पिक्सेलच्या खाली नाही आणि इतर कोणताही मजकूर ५६ च्या खाली नाही. एवढ्या आकारात विषय दोन ओळींत बसला नाही तर अक्षर लहान करायचं नाही. वक्त्याला फोन करून पडद्यापुरता छोटा विषय मागायचा. माझ्या अनुभवात ते आनंदानं देतात.

पडद्याचा खालचा पाचवा भाग मोकळा ठेवा. सभागृहात पायऱ्या-पायऱ्यांच्या खुर्च्या असतील तर अडचण येत नाही, पण सेमिनार हॉलची जमीन सपाट असते आणि मधल्या वेळात निम्मी माणसं उभी असतात. त्यांच्या डोक्यांच्या मागे जे जातं ते कोणालाच दिसत नाही. वायफायचा पासवर्ड तळाशी लिहिलेला मी बऱ्याच ठिकाणी बघितला आहे. चारही बाजूंनीही थोडी जागा सोडा, कारण काही प्रोजेक्टर कडा कापतात. कॉलेजांत अजून १०२४ बाय ७६८ चे प्रोजेक्टर भेटतात. त्यांचा पडदा चौकोनी, आपली स्लाइड आडवी. मग ती वर-खाली काळ्या पट्ट्या घेऊन लहान होते आणि आपलं सगळं गणित कोसळतं. म्हणून आदल्या दिवशी त्याच प्रोजेक्टरवर लावून बघायलाच हवं.

रंगांचं गणित हॉलमधल्या दिव्यांवर आहे. प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. तो काळ्या जागी फक्त उजेड टाकत नाही, आणि तिथे पडद्याचा स्वतःचा पांढरेपणा उरतो. मधल्या वेळात सगळे दिवे लागलेले असतात, त्यामुळे गडद पार्श्वभूमी राखाडी होते आणि तिच्यावरची निळी-लाल अक्षरं त्यात बुडतात. घरी अंधारात झकास दिसणारी काळी स्लाइड हॉलमध्ये धुऊन निघते. मी मधल्या स्लाइड फिकट पिवळसर पार्श्वभूमीवर काळ्याभोर अक्षरांत करते. दोन हॉलना दोन रंग देते, पण नुसत्या रंगावर विसंबत नाही. लाल-हिरव्यातला फरक न कळणारी माणसं प्रत्येक गर्दीत असतात. म्हणून रंगासोबत मोठं 'क' आणि 'ख' असतं, तेच अक्षर दारावर, तेच छापील वेळापत्रकात. लुकलुकणारं, सरकणारं, गिरक्या घेत येणारं काहीही नको. स्लाइड बदलली की बदलली.

मराठीत स्लाइड करणार असाल, आणि महाराष्ट्रातल्या परिषदेत कराव्यातच असं माझं म्हणणं आहे, तर अक्षरांकडे थोडं जवळून बघावं लागेल.

सत्र ज्या भाषेत आहे त्या भाषेत विषय. बाकीचे शब्द, म्हणजे आता, पुढे, चहा, जेवण, दुसरा मजला, हे मराठीत मोठे आणि खाली इंग्रजीत लहान. आमच्याकडे बंगळूरु-हैदराबादहूनही लोक येतात, त्यांचीही सोय बघायची.

आता 'दुसऱ्या मजल्यावर' हे दोन शब्द घ्या. आमच्या जवळजवळ प्रत्येक स्लाइडवर ते येतात. घाईत टाइप केलं की 'दुसर्या' होतं, र वरचा रफार य च्या डोक्यावर जाऊन बसतो. मराठी वाचणाऱ्याला ते लगेच खुपतं. तिथे हवा तो आडवा अर्धा र, आणि तो मिळवायला साध्या र ऐवजी खाली टिंब असलेला ऱ टाइप करून मग हलन्त आणि य द्यायचा. इनस्क्रिप्ट कळफलकावर र ज्या कळीवर आहे तिथेच शिफ्ट दाबून ऱ येतो. मी फाइल बंद करण्याआधी 'र्य' शोधून बघते. 'सूर्य', 'कार्यशाळा' बरोबर असतात, 'दुसर्या', 'तिसर्या' सापडले की दुरुस्त करते. दोन मिनिटांचं काम आहे, पण पडद्यावर बारा फूट रुंद चूक दिसण्यापेक्षा बरं.

ल आणि श चंही तसंच. मराठी वळणाचा पाकळीचा ल आणि देठाचा श महाराष्ट्र शासनानं २००९ च्या निर्णयात प्रमाण म्हणून दिले आहेत. संगणकावर मात्र बहुतेक वेळा हिंदी वळणाचे उमटतात. चांगल्या देवनागरी फाँटमध्ये दोन्ही रूपं असतात, फक्त मजकूर मराठी आहे हे संगणकाला सांगावं लागतं. स्लाइड वेबपान म्हणून करत असाल तर पानाच्या सुरुवातीला भाषा मराठी, म्हणजे 'एमआर' हा कोड द्या. लिबरऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करत असाल तर मजकूर निवडून त्याची भाषा मराठी करा. नोटो सान्स देवनागरी या फाँटवर हा फरक लगेच दिसतो.

जाडी मध्यम किंवा त्याहून थोडी जास्त घ्या. बारीक जाडीत शिरोरेषा प्रोजेक्टरच्या उजेडात नाहीशी होते आणि अक्षरं सुटी लोंबकळल्यासारखी वाटतात. मुंबईच्या एक टाइपनं केलेला मुक्ता हा फाँट मला या कामाला आवडतो. तो मुक्त परवान्याचा आहे आणि त्यात सात जाड्या मिळतात. दोन अक्षरांमधली जागा वाढवू नका, इंग्रजीत ते शोभतं, देवनागरीत शिरोरेषा तुटते. दोन ओळींमधलं अंतर मात्र सढळ ठेवा, अक्षराच्या दीडपट, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात.

आणि टाइप करायचं ते युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही संगणकावर मराठी मराठीच दिसते. एकदा एका वक्त्यानं जुन्या फाँटमधला विषय पाठवला, त्याच्या संगणकावर सुंदर मराठी, आमच्याकडे उघडला तर इंग्रजी अक्षरांचा रेंदा. तेव्हा सत्राला पाच मिनिटं होती. आता मी नावं आणि विषय महिनाभर आधी मागवते, स्वतः युनिकोडमध्ये टाइप करते आणि वक्त्याला पाठवून म्हणते, "तुमचं नाव असंच लिहिता ना? एकदा बघून कळवा." न की ण, दीर्घ की ऱ्हस्व, वडिलांचं नाव मध्ये हवं की नको. नाव ही ज्याची त्याची वस्तू आहे आणि ते शेकडो लोकांसमोर जाणार आहे. फोटो लावायचा तर तोही विचारून.

क्यूआर कोडबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण सगळ्यांना तो पडद्यावर हवा असतो. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हनं तो काढला तो कारखान्यातले सुटे भाग ओळखायला, हातभर अंतरावरून वाचण्यासाठी. ढोबळ हिशेब असा की कोड जितका रुंद त्याच्या दहापट अंतरावरून तो नीट वाचता येतो. आमच्या साठ फुटांसाठी कोड सहा फूट रुंद हवा, आणि पडद्याची उंचीच पावणेसात फूट! म्हणजे शेवटच्या रांगेसाठी तो अख्खा पडदा व्यापतो. कोपऱ्यात वीतभर कोड टाकला तर अगदी पडद्याजवळचे सोडून कोणालाच तो घेता येत नाही. लोक उभे राहतात, हात उंच करतात, मग सोडून देतात.

त्यामुळे माझी पद्धत अशी: वेळापत्रकाचा आणि अभिप्रायाचा कोड ओळखपत्राच्या मागे छापायचा आणि पडद्यावर 'ओळखपत्राच्या मागे बघा' असं लिहायचं. पडद्यावरच द्यायचा असेल तर एक पूर्ण स्लाइड त्यालाच, पांढऱ्यावर काळा, आणि शेजारी हातानं टाइप करता येईल असा छोटा पत्ता. पत्ता छोटा असण्याचा आणखी एक फायदा आहे. सगळ्यात लहान कोडमध्ये २१ बाय २१ चौकोन असतात आणि त्यात सतरा अक्षरं मावतात. पत्ता लांबला की चौकोन वाढतात, प्रत्येक चौकोन बारीक होतो आणि लांबून वाचणं अवघड होतं. कोडच्या भोवती चार चौकोनांइतकी पांढरी किनार सोडायची, तिच्यात लोगो किंवा चौकट घुसवायची नाही.

आता यंत्रं. सोपी व्यवस्था सांगते, महागडं काही लागत नाही.

मधल्या स्लाइडसाठी एक स्वतंत्र लॅपटॉप हवा, जुना चालेल. तो दिवसभर दुसऱ्या कशालाही वापरायचा नाही. त्यावर कोणाचं ईमेल नाही, व्हॉट्सअ‍ॅप नाही. झोपेची सेटिंग बंद, स्क्रीनसेव्हर बंद, अपडेट थांबवलेली, सूचना बंद, चार्जर लावलेला. सगळ्या फाइली त्याच्या डिस्कवर. वायफायवरून काहीही आणायचं नाही, कारण तीनशे जण एकदम जोडले गेले की कॉलेजचं वायफाय दहा वाजता मान टाकतं. मी स्लाइड साध्या वेबपानात करते आणि ब्राउझर पूर्ण पडदाभर उघडते. पान लॅपटॉपच्या घड्याळावरून वेळ दाखवतं आणि वेळापत्रकाच्या फाइलमधून पुढचं सत्र उचलतं. तुम्हाला कोड लिहिणं जमत नसेल तर लिबरऑफिस इम्प्रेसमध्ये प्रत्येक मध्यंतराची वेगळी फाइल करा, 'एसक' कळ दाबेपर्यंत फिरत राहणारी, आणि फाइलच्या नावात वेळ घाला. घड्याळाचा आकडा तेवढा मिळणार नाही, बाकी सगळं तसंच होतं. पेनड्राइव्हवर सगळ्याची प्रत, पीडीएफ स्वरूपातही.

दुसरी वस्तू एचडीएमआय स्विचर, दोन किंवा तीन तारा घेऊन एक प्रोजेक्टरला देणारा. तो बटणावर चालणारा घ्या. आपोआप बदलणाऱ्या स्विचरमध्ये नवी तार जोडली की पडदा तिच्याकडे उडी मारतो. वक्ता अजून लॅपटॉप उघडतोय आणि त्याच्या घरचे फोटो, उघडी ईमेल सगळ्या हॉलला दिसतात. हे एका वक्त्या ताईंच्या बाबतीत झालं, त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. आपोआप बदल बंद करता येत असेल तर आधी तो बंद करा. एक नंबरला आपला लॅपटॉप, दोन नंबरला वक्त्याची तार, बटणांवर कागदी पट्टी चिकटवून तसं लिहा. तार लांब असेल, पन्नास फुटांच्या वर, तर साधी एचडीएमआय दगा देते. अशा ठिकाणी हॉलचं पक्कं वायरिंग वापरा, नाहीतर नेटवर्क केबलवरून चित्र नेणारी जोडी भाड्यानं आणा. टाइप-सी आणि व्हीजीएचे अडॅप्टर दोरीनं टेबलाला बांधून ठेवा. न बांधलेला अडॅप्टर दुपारपर्यंत कोणाच्या तरी पिशवीत गेलेला असतो.

हॉलचे लाइटवाले काका हे या कामातले सगळ्यात महत्त्वाचे माणूस. आदल्या दिवशी त्यांना भेटा, चहा घ्या, कोणता दिवा कोणत्या बटणावर आहे ते विचारा. पडद्याच्या थेट डोक्यावरचे दोन दिवे बंद आणि बाकीचे चालू, एवढं झालं तरी पडदा दुप्पट स्पष्ट झाल्यासारखा वाटतो. आमच्याकडे काकांनीच ते सुचवलं होतं.

प्रत्यक्ष दहा मिनिटं कशी जातात ते सांगते. सत्र ११:१० ला संपतं असं धरू. टाळ्या वाजत असतानाच वक्ता तार काढायला जातो. त्याला आधीच सांगून ठेवायचं: "दादा, मी हात वर करेपर्यंत तार काढू नका." शेवटची स्लाइड मिनिटभर राहू द्या, लोक फोटो घेतात. मग एक नंबरचं बटण, फेरी सुरू, आणि हात वर. आता त्यानं तार काढली तरी पडद्यावर काही दिसत नाही. शक्य असेल तर त्याच्या स्लाइडचा दुवा पुढच्या फेरीत मदतीच्या स्लाइडवर टाका, मागून विचारायला येणारे कमी होतात.

११:१२ ते ११:१६ हा लोकांचा वेळ. उठणारे उठतात, येणारे येतात. पडद्याला हात लावायचा नाही. याच वेळात सूत्रसंचालकानं एकदा माइकवरून पट्टीतल्या गोष्टी बोलून सांगायच्या: हे मुख्य सभागृह, पुढचं सत्र ११:२० ला, अमुक विषय, वर सेमिनार हॉलमध्ये तमुक. पडदा न दिसणारी माणसंही आपल्यात असतात, त्यांना कोणाचा तरी हात धरून विचारावं लागू नये.

११:१६ ला नव्या वक्त्याची चाचणी. स्वस्त स्विचर निवडलेल्या तारेलाच खरी जोडणी देतो, त्यामुळे दोन नंबर दाबल्याशिवाय वक्त्याच्या लॅपटॉपला प्रोजेक्टर सापडत नाही. म्हणून त्याची पहिली स्लाइड लॅपटॉपवर आधी उघडून घ्यायची, मग बटण. प्रोजेक्टरवर चित्र मिटवायचं बटण असेल तर ते दाबून ठेवा, जोडणी होईपर्यंत पडदा कोरा राहतो. चित्र आलं, कडा कापल्या नाहीत, आवाज लागणार असेल तर आला, की परत एक नंबर. याला दीड मिनिट लागतं. ११:१९ ला फेरी थांबवून फक्त पुढच्या सत्राची स्लाइड ठेवायची, ओळख संपेपर्यंत. मग दोन नंबर.

हे सगळं एका माणसानं करायचं, दर हॉलला एक. आणि वेळापत्रकाची फाइल बदलणारा माणूस अख्ख्या परिषदेत एकच. दोघांनी बदलली की दोन हॉलमध्ये दोन सत्यं दिसायला लागतात.

प्रायोजकांशी आधीच बोलून घ्या. त्यांच्यामुळे तिकीट परवडतं आणि विद्यार्थ्यांना फुकट येता येतं, म्हणून त्यांना पुरता मान द्यायचा. पण त्यांची जागा चौथ्या स्लाइडवर, पट्टीत किंवा वेळापत्रकाच्या शेजारी नाही. हिशेब दाखवला की पटतं. दिवसात आठ मध्यंतरं, प्रत्येकात सहा-सात फेऱ्या, म्हणजे नुसत्या मध्यंतरांत पन्नासच्या आसपास वेळा तुमचं नाव दिसणार, शिवाय चहा आणि जेवण. एका वर्षी एका कंपनीनं आवाजासकट व्हिडिओ हवा म्हणून आदल्या रात्री आग्रह धरला. मी नाही म्हटलं आणि अजूनही नाहीच म्हणेन. मधल्या वेळात लोक एकमेकांशी बोलायला आलेले असतात, त्यांच्या बोलण्यावर स्पीकर लावायचा नाही. लोगो मात्र मोठ्या, स्वच्छ स्वरूपात आधीच मागवा. मोबाइलवरून आलेला पुसट लोगो बारा फुटांवर फार वाईट दिसतो आणि त्यात त्यांचाही मान जातो.

वीज गेली तर दिव्याचा प्रोजेक्टर लगेच पेटत नाही, गरम दिवा निवायला काही मिनिटं घेतो. लॅपटॉप आणि स्विचर यूपीएसवर ठेवून उपयोग नाही, पडदा तर अंधारातच असतो. म्हणून प्रत्येक दाराबाहेर त्या हॉलचं दिवसभराचं वेळापत्रक ए-थ्री कागदावर मोठ्या अक्षरात लावा, सोबत जाड मार्कर दोरीला बांधून, बदल हातानं लिहायला.

चहा आणि जेवणाच्या वेळी वेगळी फेरी लागते. हॉल जवळजवळ रिकामा असतो, आत बसलेला माणूस दुपारी काय ऐकायचं ते ठरवत असतो. तेव्हा चारऐवजी दोनच स्लाइड, दुपारचं पूर्ण वेळापत्रक आणि मदत. सकाळी नोंदणीच्या वेळी पहिली स्लाइड असते ती 'नमस्कार, तुम्ही बरोबर ठिकाणी आला आहात', खाली परिषदेचं नाव आणि तारीख.

शेवटची स्लाइड परतीची. समारोप झाला की मी आभाराच्या स्लाइडनंतर तीच लावते आणि काढत नाही: मेट्रोचं जवळचं स्थानक कोणत्या बाजूला, वनाज–रामवाडी मार्गावर कुठे चढायचं, स्वारगेटला जाणारी बस कोणत्या थांब्यावर मिळेल, हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू कुठे. स्वारगेटची वेळ गाठायची असलेली मुलं खुर्च्यांतून उठता उठता तिचा फोटो काढतात. हॉल रिकामा झाला, खुर्च्यांखाली राहिलेल्या बाटल्या आणि छत्र्या उचलल्या, की मग प्रोजेक्टर बंद करायचा, आणि त्याचा पंखा थांबेपर्यंत मुख्य बटणाला हात लावायचा नाही. तेवढ्या वेळात मी शेवटच्या रांगेत जाऊन बसते आणि दिवसभरात कोणती स्लाइड तिथून वाचता आली नाही ते वहीत लिहून ठेवते.